कार्डाची मागची बाजू

१२ जून

दादा,

'तीर्थरूप' लिहिलं होतं, खोडलं. आज तो शब्द तुला शोभत नाही आणि माझा हातही धजत नाही.

काल आमच्या कामगार कचेरीतल्या सुनावणीत अध्यक्षांनी तुला एकच प्रश्न विचारला होता. औषधांच्या कारखान्यातले साहेब पॅकिंग हॉलमधल्या या बाईंना दोन वर्षं 'ब्लडी बिच' म्हणत होते, ती इंग्रजीत शिवी आहे का? हो किंवा नाही. दुभाष्याचं काम तेवढंच. एक शब्द सांगून तुला खाली बसता आलं असतं. पण तू उठलास, चष्मा पुसलास, आणि तेव्हाच मला कळलं की आता हा माणूस गोष्ट सांगणार.

'ब्लडी' म्हणे मुळात 'बाय अवर लेडी'. म्हणजे येशूच्या आईची आण. बोलून बोलून झिजली आणि 'ब्लडी' झाली. "थोडक्यात, साहेब आईची शपथ घेत होते," असं म्हणून तू थांबलास, हशा यायला जागा ठेवून. आला हशा. अध्यक्ष हसले, कंपनीचा वकील हसला, शिपाईसुद्धा हसला. मग तुला कोण आवरणार! मग 'बिच'. मूळ अर्थ कुत्र्याची मादी, दुसरं काही नाही. कुत्री पाळणारे आजही चारचौघांत सर्रास म्हणतात, प्रदर्शनात त्या शब्दाने बक्षिसं वाटतात. हल्ली मैत्रिणी एकमेकींना लाडाने म्हणतात. आणि शेवटी, जणू हुकमाचं पान टाकावं तसं: "आमच्या नोंदींत तर एक आई आपल्या मुलीला रोज प्रेमाने हाच शब्द म्हणते."

त्या आईबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही.

आपल्या शिव्यांच्या कोशासाठी केलेल्या 'ब्लडी'च्या कार्डावर तुझ्याच हातची लाल शाई आहे, दादा: 'लोकांनी रचलेली गोष्ट. पुरावा नाही. मूळ अनिश्चित.' ते कार्ड मी तीनदा टाइप केलंय, कारण तुझ्या मनाला येत नव्हतं. तुला ठाऊक होतं की ती गोष्ट खोटी आहे. भर कचेरीत, शपथेवर, तू ती सांगितलीस, कारण खरी गोष्ट 'ठाऊक नाही' अशी आहे आणि 'ठाऊक नाही'ला कुणी हसत नाही.

मग बाईंच्या शिवीची पाळी आली. शेवटच्या दिवशी त्यांनी साहेबांना 'भडव्या' म्हटलं, त्यावरूनच त्यांना काढलं. अध्यक्षांनी विचारलं, या शब्दाबद्दल काही सांगायचंय? तू म्हणालास, "अर्थ स्पष्ट आहे." बस्स? त्याचं मूळ नाही? हा शब्द मित्र एकमेकांच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, ते नाही? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ऐकली होती. शिव्यांनाही ती लागू पडते हे काल पाहिलं. साहेबांची शिवी इतिहासासकट कागदावर गेली आणि बाईंची नुसती, उघडीबोडकी. निकाल असा: 'साहेबांचे शब्द सवयीचे व निरुपद्रवी; कामगार बाईंचे वर्तन उद्धट. बडतर्फी कायम.' हे सगळं मी माझ्या बोटांनी टाइप केलं.

कंपनीने तुला विकत घेतलं असतं तर मला राग कमी आला असता. तू फुकटात गेलास. एका हशासाठी.

अपिलाला आजपासून पंधरा दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात लेखी दुरुस्ती दे: 'ब्लडी'ची गोष्ट खोटी आहे, आणि बाईमाणसाला उद्देशून 'बिच' ही सहाशे वर्षांपासून शिवीच आहे. दोन ओळी. बाईंच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नाही आणि पदरात तेरा वर्षांची मुलगी आहे.

तुझी बहीण

२० जून

दादा,

तुझं चार ओळींचं उत्तर मिळालं. 'उगाच तापू नकोस, टकटक. मी अर्थ सांगितला, निकाल मी दिलेला नाही. टाइप तर तूच केलंस. आणि त्या आईची नोंद कुणाच्या अक्षरात आहे?'

टकटक म्हणू नकोस. ते नाव टंकलेखनाच्या क्लासला जाणाऱ्या बहिणीला तू ठेवलं होतंस, आणि तेव्हा तू वेगळा माणूस होतास.

हो, टाइप मी केलं. आमच्या कचेरीत टंकलेखिकेला हात वर करून 'बोलणाऱ्याने पुन्हा सांगावं' एवढं म्हणायची मुभा आहे. मी हात वर केला नाही. सगळे हसत होते आणि तू माझा भाऊ होतास. ही माझी चूक, ती मी तुझ्या खात्यावर ढकलत नाही. पण चोराच्या उलट्या बोंबा ऐकून घ्यायला मी काही बसलेली नाही.

तू विसरलास म्हणून आठवण करून देते. आपल्या खोक्यातलं पहिलं कार्ड कुठलं? 'बास्टर्ड'. तू नववीत होतास. इंग्रजीच्या सरांनी तुझी वही फेकली, तुला तो शब्द ऐकवला आणि तुला वाटलं की ते काहीतरी बरं म्हणाले. तू उभा राहून म्हणालास, "थँक यू, सर." सगळा वर्ग पोट धरून हसला. घरी येऊन तू शब्दकोश उघडलास. बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आई आत स्वयंपाकघरात होती. तू 'अनौरस' हा अर्थ वाचलास, कोश मिटलास आणि जेवला नाहीस. आईला शेवटपर्यंत कळलं नाही, मला सांगितलंस कारण मी सातवीत होते आणि तुझ्या मागे मागे फिरायचे.

पुढे तू प्राध्यापक झालास, तेव्हा ते कार्ड झालं. पुढच्या बाजूला तुझं: जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, बहुधा खोगीरावरून, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामात खोगिराच्या अंथरुणावर झालेलं मूल. तू खूश होतास. मी म्हटलं होतं, एवढंच नाही पुरत. शब्द कुठून निघाला ते ठीक आहे, पण तो कुणाला लागला तेही लिहायला हवं. त्या दिवसापासून पुढची बाजू तुझी आणि मागची माझी. मागे मी लिहायचं: कोण, कुणाला, कुठे, कसं. तू वाचून कोपऱ्यात सही आणि तारीख घालायचास. सहीशिवाय कार्ड खोक्यात जायचं नाही, हा तुझाच नियम. त्या पहिल्या कार्डामागे मी लिहिलं होतं: 'शिक्षक, विद्यार्थ्याला, भर वर्गात. विद्यार्थ्याने आभार मानले.' तू सही केलीस आणि ते कार्ड पालथं करून खोक्यात ठेवलंस. मी पाहिलं होतं.

अकराशे कार्डं झाली. आठव, 'व्हिलन'च्या कार्डाने तू किती चिडला होतास. मूळ अर्थ काय, तर जमीनदाराच्या शेतावर राबणारा माणूस. राबणारा नीच ठरला आणि ज्याच्या शेतावर राबला तो 'जंटलमन'. 'हसी' म्हणजे उठवळ बाई, आणि मूळ शब्द घर सांभाळणारीचा. तूच वर्गात ओरडून सांगायचास की एके काळी त्या लोकांना देवाच्या नावाची खोटी आण भयंकर वाटायची आणि शरीराचे शब्द वैद्यांच्या पुस्तकांत राजरोस असायचे. पुढे देवाची भीती गेली आणि शिवी बायकांवर आणि गरिबांवर उतरली. मी मागच्या बाकावर बसून ऐकलंय. तो माणूस त्या दिवशी कचेरीत कुठे होता?

मुलीला तो शब्द म्हणणाऱ्या त्या आईची नोंद माझ्या अक्षरात आहे. हो. पण त्याच कार्डामागे तिच्या वरती आणखी एक नोंद आहे, माझ्याच अक्षरातली, आणि ती तू वाचली नाहीस. म्हणजे वाचलीस, पण सांगितली नाहीस. दोन बोटांच्या अंतरावर असलेल्या ओळींपैकी खालची उचललीस आणि वरची गिळलीस. तुला कळतंय मी काय म्हणते ते. उरलेलं लिहायची मला आज हिंमत नाही.

दुरुस्ती दे, दादा. सात दिवस राहिलेत.

२६ जून

दादा,

दुरुस्ती आली नाही. वहिनींकडून निरोप आला, की तू म्हणतोस, 'कोश छापायला जायचा आहे, आत्ता माझ्या नावाला बट्टा नको.' नावाला! अकराशे शिव्या गोळा करून अजून नावच राहिलंय तुझं.

आता मी माझं सांगते, कारण उद्या ते कचेरीत सांगायचं आहे आणि तुला बाहेरून कळू नये.

त्या बाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, हे तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्या वर आल्या. पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या खोक्यात भरायच्या आणि चिकटपट्टी मारायची, हे त्यांचं काम. पट्टा अडला की साहेब येतात आणि हसत हसत काहीतरी म्हणतात, बरोबरचे मुकादमही हसतात. त्यांनी तो शब्द मला जसा ऐकला तसा म्हणून दाखवला. दारात उभ्या होत्या, हाताला अजून चिकटपट्टीचा गोंद होता. "ताई, तुम्ही इंग्रजीतल्या. काय म्हणतात हो ते मला?"

आणि मी म्हटलं, "काही नाही हो. घाई करा, लवकर आटपा, असं म्हणतात."

का म्हटलं? त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला ते तोंडाने म्हणायचं नव्हतं. खरा अर्थ सांगितला असता तर पुढे तक्रार, अर्ज, साक्ष, आणि ते सगळं लिहून देणारी मीच. दार लवकर लावायचं होतं मला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या "बरं बाई" म्हणून खाली गेल्या. आणि मी काय केलं? मी टेबलाशी बसले, 'बिच'चं कार्ड काढलं आणि मागे नोंद केली: 'साहेब, कामगार बाईला, पॅकिंग हॉलमध्ये, हसत. तिला अर्थ कळत नाही, म्हणून वारंवार.' अक्षर छान आलं होतं. पुढच्या रविवारी तू आलास, वाचलंस, म्हणालास, "वा, जिवंत नोंद." कोपऱ्यात सही, तारीख.

पुढचं त्याहून वाईट आहे. बाईंना वाटलं, हा 'लवकर कर'चा इंग्रजी शब्द. त्या तो शिकल्या. रोज सकाळी मुलगी शाळेला रेंगाळली की जिन्यातून त्यांची हाक यायची, "चल गं, ब्लडी बिच, उशीर होतोय!" आणि मुलगी हसत पळायची. मी वर चहा घेत ऐकायचे. रोज. एका शब्दाने थांबवता आलं असतं. पहिल्या दिवशी थांबवलं नाही, मग दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची लाज आड आली. आणि एक दिवस मी तेही कार्डावर लिहिलं: 'आई, मुलीला, जिन्यात, प्रेमाने.' तीच तुझी आई. तेच तुझं हुकमाचं पान.

मुलीने तो शब्द शाळेत मैत्रिणीला म्हटला, 'चल लवकर' अशा अर्थाने. मुख्याध्यापिकेने तिला दिवसभर बाहेर उभं केलं आणि अर्थ सांगितला. मुलीने घरी येऊन आईला सांगितला. दुसऱ्या दिवशी पट्टा अडला, साहेब आले, हसले, आणि बाईंनी त्यांना 'भडव्या' म्हटलं. माझ्या मते पुरेसं म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी बाई पुन्हा माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्हालाही ठाऊक नव्हतं ना?" मी म्हटलं, "नव्हतं." त्या मला समजावत होत्या, दादा. मला! "तुम्ही तरी काय करणार, साहेबांचं इंग्रजी वेगळंच असेल." आणि सुनावणीच्या दिवशी आत जाताना मला पाहून त्यांना धीर आला. म्हणाल्या, ताई आहेत ना आत, मग बरंय.

तू आईची गोष्ट सांगितलीस तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनीच मान हलवली, नसेल, असं. आपल्या दोघांपेक्षा त्यांचं मन मोठं, एवढंच.

उद्या मी 'बिच'चं आणि 'ब्लडी'चं कार्ड बाईंच्या अपिलात दाखल करते आहे. शपथेवर. दोन्हींवर तुझ्या सह्या आहेत. तुला दोन वर्षांपूर्वी ठाऊक होतं आणि मलाही होतं, हे त्यातून आपोआप सिद्ध होतं. कोश छापला जाणार नाही कदाचित. न छापो. मागची बाजू लपवून छापलेला कोश म्हणजे निव्वळ खोगीरभरती, आणि त्या खोगिराचं मूळ तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मला भीती वाटते आहे. तुझी नाही. तळमजल्याची.

९ जुलै

दादा,

समन्स होतं म्हणून का होईना, तू आलास. सही तुमची का, असं नव्या अध्यक्षांनी विचारल्यावर "माझीच" म्हणालास, आणि 'ब्लडी'चं मूळ विचारल्यावर "मला ठाऊक नाही" म्हणालास. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या तोंडून ते ऐकलं. कुणी हसलं नाही. उशिरा सुचलेलं शहाणपण, त्याबद्दल मी तुला शाबासकी देणार नाही. पण तेवढंच बोलून तू मागच्या जिन्याने निघून गेलास आणि पुढचं तुला कळलं नाही, म्हणून हे पत्र.

बाई कामावर परत. साहेबांची दुसरीकडे बदली, म्हणजे तिथल्या बायकांच्या नशिबी. पहिल्या नोंदीतला मजकूर आता निकालपत्रात आहे. मला सुनावण्यांच्या यादीतून काढलंय. टंकलेखिकेने साक्षीदार व्हायचं नसतं, असं वरिष्ठ म्हणाले. मी त्यांना म्हटलं, आधी समजलं असतं तर बरं झालं असतं, मी फार आधीच व्हायला हवं होतं.

निकालाचा कागद घेऊन बाई व्हरांड्यात आल्या. मी बाकाजवळ उभी होते. काय म्हणायचं ते मी दहा दिवस घोकलं होतं. त्यांनीच विचारलं, "त्या कार्डावरची तारीख खरी आहे ना?"

मी म्हटलं, "हो. खरी आहे."

त्यांनी कागदाची घडी घातली, नीट, चार पदरी. मला वाटलं आता शिवी देतील. दादा, मी वाट पाहत होते. आपल्याकडे अकराशे आहेत, त्यातली कुठलीही मी उभ्याने घेतली असती आणि घरी जाऊन शांत झोपले असते.

"बरं, मॅडम," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

तेव्हापासून रोज तेच. जिन्यात समोर आल्या की, "जरा बाजूला होता का, मॅडम?" आवाज चढत नाही, चेहरा वाकडा होत नाही. मुलगी वेळेवर शाळेला जाते. तिला आता कुणी हाक मारत नाही.

सोबत एक नवं कार्ड पाठवते आहे. पुढची बाजूही मीच लिहिली, तुझी वाट पाहिली नाही. मूळ बरोबर आहे ना ते तपास:

'मॅडम. जुन्या फ्रेंचमधून. मूळ अर्थ: माझ्या मालकीणबाई. सन्मानार्थी.'

आणि मागे:

'पॅकिंग हॉलमधली कामगार बाई, वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला, कचेरीच्या व्हरांड्यात, शांतपणे. याआधी ताई म्हणत असे.'

शिव्यांच्या खोक्यात ठेवायचं आहे. वाचून सही कर. तारीख घालायला विसरू नकोस.